सुकलालभाऊ आणि कॅन्टीनमागचा खड्डा

मीरा, ईशान,

मीराच्या शाळेत पर्यावरणाचा प्रकल्प आहे आणि आजीच्या कॉलेजला मिळालेल्या हरित प्रमाणपत्राचा फोटो ती शुक्रवारी वर्गात दाखवणार आहे, असं तुमच्या आईने काल फोनवर सांगितलं. त्या फोटोत प्रमाणपत्र धरून मधोमध मी उभी आहे. तो दाखवण्याआधी, त्यात नसलेल्या एका माणसाबद्दल तुम्हाला सांगायला हवं. मुद्दाम मराठीत लिहिते आहे, आई वाचून दाखवेल. इंग्रजीत लिहायला बसले की माझ्या हातून अहवाल होतो, आणि तो मी एकदा लिहिलेला आहे.

त्या माणसाचं नाव सुकलालभाऊ. आमच्या सुरतच्या कॉलेजात ते शिपाई होते. भर तासाला दार न वाजवता वर्गात यायचे, बोट नाचवत मुलं मोजायचे आणि जाहीर करायचे, "मॅडम, पोरं सत्तावीस, पंखे आठ. चार बंद करतो. मागच्यांनी पुढे सरका." मागची मुलं पुढे सरकायची. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून मला जे जमलं नाही, ते हे एका बटणात करायचे.

कॉलेजात येण्यापूर्वी त्यांनी एका डाइंग मिलच्या बॉयलरवर कोळसा टाकायचं काम केलं होतं. त्यामुळे वीज ते युनिटमध्ये मोजतच नसत, फावड्यांमध्ये मोजत. रिकाम्या वर्गात दिवा दिसला की, "हे कोण अर्धं फावडं जाळून गेलं?" एकदा प्राचार्य खोलीत एसी लावून वर स्वेटर घालून बसलेले त्यांना दिसले. सुकलालभाऊ दारातच थांबले. "साहेब, एक काहीतरी काढा. स्वेटर नाहीतर एसी. तीन फावडी जातात." प्राचार्यांनी स्वेटर काढला. सुकलालभाऊ आठवडाभर हळहळत होते.

आमच्या हरित परिसर समितीची मी प्रमुख होते. कॉलेजचा कार्बन किती कमी झाला याचे तक्ते मी रंगीत पेन्सिलींनी आखायचे. सुकलालभाऊ ते कौतुकाने बघायचे आणि विचारायचे, "ह्याची फावडी किती झाली, मॅडम?" मला कधी सांगता आलं नाही.

खरं काम होतं ते कॅन्टीनमागे. पूर्वी तिथे झाडांची पानं गोळा करून जाळत. सुकलालभाऊंनी ते बंद केलं, विटा रचून खड्डा बांधला आणि नवसारीहून गांडुळं आणली. दुधाच्या किटलीत घालून, एसटीत मांडीवर घेऊन आणली. कंडक्टरने विचारलं, "काका, दूध छे?" हे म्हणाले, "नाही, स्टाफ छे." पानं, भाज्यांची सालं, चहाचा चोथा, सगळं त्या खड्ड्यात जायचं आणि काळंभोर, भुसभुशीत खत होऊन बाहेर यायचं. कॉलेजच्या बागेला दुसरं खत लागत नसे.

मग प्रमाणपत्रासाठी बाहेरून समिती तपासणीला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी मी वही घेऊन फेरी मारली. तुम्हाला तुमची आजी माहीत आहे. माझ्या कपाटात रुमालसुद्धा रंगांप्रमाणे लावलेले असतात. खड्ड्यावर ओली गोणपाटं, तिरक्या विटा, चिलटं. मला ते बघवेना. मी सांगून टाकलं की खड्डा बुजवा, वर ब्लॉक बसवा, दोन हिरवे प्लॅस्टिकचे डबे ठेवा आणि खत प्रकल्पाची पाटी लावा. नर्सरीतून पन्नास कुंड्याही दोन दिवसांसाठी भाड्याने आणा.

हो, हरित प्रमाणपत्रासाठी मी खताचा खड्डा बुजवला. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे.

सुकलालभाऊ माझ्यामागे ऑफिसपर्यंत आले. "मॅडम, एक दिवस द्या. जीव बाहेर काढतो."

"एक दिवस कुठला? उद्या अकराला माणसं येणार."

"ब्लॉकखाली मरतील ती."

"अहो, गांडुळं आहेत. खाली जमिनीत जातील."

"ही जमिनीतली नाहीत, मॅडम. ही वरच राहतात. वरून खायला लागतं त्यांना."

"सुकलालभाऊ," मी म्हणाले, "मी सांगते ना."

त्यांनी मान हलवली आणि गेले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे मी नंतर पुस्तकात वाचलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या एका बाईंनी हिरव्या डब्याचं झाकण उघडलं. आत किमतीचं लेबल होतं. "आत्ताच रिकामा केला," मी म्हणाले. मग सुकलालभाऊंनी आधी भरून ठेवलेलं खताचं पोतं मी मागवलं. बाईंनी मूठभर खत हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "वा, उत्तम!" पोतं आणणाऱ्या सुकलालभाऊंना त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही काय करता इथे?"

सुकलालभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम सांगतात ते."

प्रमाणपत्र मिळालं. अहवालात मी त्यांचा उल्लेख 'सहायक कर्मचारी' असा केला होता, नावाशिवाय.

त्यानंतर ते माझ्या तासाला कधी आले नाहीत. आठही पंखे फिरत राहायचे आणि मी शिकवता शिकवता दाराकडे बघत राहायचे. उठून चार पंखे मी स्वतः बंद करू शकले असते. एकदाही केले नाहीत. काही महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला आलेच नाहीत. शाल आणि नारळ टेबलावर तसेच राहिले.

शेवटी ते घेऊन मीच सुरतच्या डिंडोली भागात त्यांच्या घरी गेले. सुनेने दार उघडलं. "दादा उपर छे." तिची दोन मुलं तोंडावर हात ठेवून हसत होती. मोठी म्हणाली, "दादा जीवडा साथे वातो करे छे." दादा किड्यांशी गप्पा मारतात.

मी जिना चढले. गच्चीवर आडवं कापलेलं एक निळं पिंप होतं, त्यावर ओलं गोणपाट. सुकलालभाऊ पाठमोरे बसून आत काकडीची सालं टाकत होते आणि बोलत होते, "जेवनात का रे? आज काकडी शे." माझ्याशी ते कायम सांभाळून, पुस्तकी मराठीत बोलायचे. ही त्यांची घरची अहिराणी मी पहिल्यांदा ऐकली.

मला बघून ते गडबडीने उठले, हात पुसले. "त्या संध्याकाळी खड्ड्यातून घमेलंभर निघाली," ते म्हणाले. "बाकीची राहिली." आवाजात तक्रार नव्हती, ती असती तर बरं झालं असतं. मग जरा लाजून म्हणाले, "नातवंडं गुजरातीत बोलतात, मॅडम. चांगलं बोलतात. माझी बोली घरात फक्त हिला यायची. ती गेली. मग ह्यांच्याशी बोलतो. हसत नाहीत."

मी माफी मागितली. मागितली ती इंग्रजीत, सवयीने. ते म्हणाले, "बसा मॅडम, चहा सांगतो."

निघताना त्यांनी बिस्किटांच्या डब्यात दोन मुठी काळी माती आणि थोडी गांडुळं घालून दिली. झाकणाला खिळ्याने भोकं पाडली होती. "ऊन लागू देऊ नका. लिंबू घालू नका. आणि उगाच नीटनेटकं करू नका."

कॉलेजात कॅन्टीनमागे आजही ब्लॉक आहेत. डिंडोलीच्या गच्चीवर पिंप आहे, माझ्या बाल्कनीत एक टब आहे, आणि दोन्हींतली गांडुळं जिवंत आहेत.