मार्गारिता तोफेचं दृढीकरण

ज्या राजाच्या कमरेला स्वर्गाच्या किल्ल्या लटकतात, त्यानं पृथ्वीवरच्या किल्ल्यांची काळजी करत बसू नये, हे राज्यशास्त्राचं मूलतत्त्व आहे. आमचे राजे म्हणजे रोमचे पोपमहाराज. त्यामुळे आमच्या रोक्कासेल्वाच्या किल्ल्याची पश्चिमेकडची भिंत माझ्या आजोबांच्या काळात पडली ती पडलीच. तिथून शेळ्या ये-जा करतात. शत्रूनं अजून केलेली नाही. (शेळ्यांना धर्मशास्त्र लागू होत नाही.)

शत्रू म्हणजे ओढ्यापलीकडचे तोस्कानावाले. त्यांचा राजा ग्रँड ड्यूक, म्हणजे साधा संसारी माणूस. आमचा कारभार मात्र शुद्ध होता. गव्हर्नरच्या खुर्चीत धर्मगुरू, न्यायाधीशाच्या खुर्चीत धर्मगुरू, आणि लष्करावर देखरेखही त्यांचीच. मी गव्हर्नरच्या कचेरीत दुय्यम चिटणीस होतो. युद्धखातं, परराष्ट्रखातं आणि पापक्षालन ही तिन्ही कामं एकाच टेबलावर चालत. त्यातही घाईचं काम पापक्षालनाचं असे. उरलेल्या जगात या कामांना तीन इमारती लागतात म्हणे. खर्चिक लोक.

ही हकीकत ज्या वसंतात घडली, त्या वसंतात दोमितिला नावाची विधवा कचेरीत आली. ओढ्यावरची पाणचक्की तिची. नवरा गेल्यावर तिनं ती एकटीनं चालवली होती, आणि गावाचं सगळं दळण तिच्याकडेच यायचं.

"मॉन्सिन्योर," ती म्हणाली. (आमच्या गव्हर्नरसाहेबांना, म्हणजे तादेओ महाराजांना, याच पदवीनं हाक मारावी लागे.) "पलीकडच्यांनी वरच्या अंगाला बांध घातलाय. सगळं पाणी त्यांच्या शेतात वळवलंय. माझी चक्की बंद. गावात पीठ नाही. पलटण पाठवा आणि तो बांध फोडा."

मॉन्सिन्योर तादेओ दयाळू होते आणि बदाम खात होते. त्यांनी एक बदाम तिच्याही हातावर ठेवला.

"बाई, तुझी तक्रार न्याय्य आहे. पण न्याय्य तक्रार आणि न्याय्य युद्ध यांत अंतर असतं."

"किती दिवसांचं?" दोमितिलानं विचारलं.

हा प्रश्न शास्त्रात बसत नव्हता, म्हणून तो फादर कालिस्तोंकडे पाठवण्यात आला. फादर कालिस्तो पलटणीचे धर्मशास्त्री. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे मतं ठाम होती. त्यांनी सांगितलं की युद्ध न्याय्य ठरायला अधिकार लागतो, कारण लागतं आणि हेतू शुद्ध लागतो. अधिकार पोपमहाराजांचा होताच. कारण तर फारच उत्तम निघालं: रोजची भाकर दे, अशी आपण देवाकडे प्रार्थना करतो, देव ती द्यायला तयार असताना तोस्कानावाले मध्येच पाणी अडवतात, म्हणजे हा देवाच्या कामात हस्तक्षेप. मॉन्सिन्योरांनी आनंदानं दोन बदाम एकदम तोंडात टाकले.

आता वार ठरवायचा राहिला. हे काम माझ्याकडे आलं, आणि आपल्या धर्माची श्रीमंती मला त्या दिवशी कळली. रविवारी लढता येत नाही हे पोरंही सांगतील. शुक्रवार प्रभूच्या मरणाचा, शनिवार मरियामातेचा, गुरुवार पवित्र भोजनाचा. सोमवारी आपण मृतात्म्यांसाठी प्रार्थना करतो. त्याच दिवशी त्यांची संख्या वाढवणं म्हणजे आडमुठेपणा. बुधवार संत योसेफाचा. मला आधी वाटलं हा चालेल, कारण ते मरणाचेच कैवारी. पण फादर म्हणाले, शांत मरणाचे. उरला मंगळवार. मंगळवारी आमच्याकडे बाजार भरतो आणि पलीकडची सगळी चौकी आमचं चीज घ्यायला इकडे येते. शत्रू आपल्याच बाजारात भाव करत उभा असताना पलीकडे जाऊन त्याच्या रिकाम्या चौकीवर हल्ला करणं शौर्याला शोभत नव्हतं. चीजवाल्यांचंही तेच मत पडलं, आणि त्यांचं मत शौर्यापेक्षा मोठ्या आवाजात होतं.

तरी मंगळवार मुक्रर झाला. बाजार उठल्यावर.

आमची तोफ एकच होती आणि तिचं नाव मार्गारिता. मूळची ती घंटा. चर्चच्या मनोऱ्यात असतानाच तिचा बाप्तिस्मा झालेला. पुढे तिला तडा गेला, तेव्हा गावानं तांब्याची भांडी घालून ती वितळवली आणि तोफ ओतली. तेव्हा पुन्हा तिचे आशीर्वाद-विधी झाले. थोडक्यात, मार्गारिता ख्रिस्ती होती, आणि आमच्या निम्म्या पलटणीपेक्षा चांगली ख्रिस्ती होती. पण धर्मगुरूनं रक्त सांडू नये असा दंडक आहे, तेव्हा मॉन्सिन्योरांनी "डागा" असा हुकूम द्यायचा कसा? यावर कचेरीनं तोड काढली. हुकूम असा ठरला: "मार्गारिता, बोल." घंटेनं बोलावं यात गैर काहीच नाही. त्यानंतर तिच्या तोंडून जे बाहेर पडेल ते तिचं वैयक्तिक मत.

सगळं जमलं होतं. अडलं ते शुद्ध हेतूवर.

लढाईपूर्वी पलटणीनं पापनिवेदन करायचं असतं. सुरुवात कप्तान ओर्तेन्सियोंपासून झाली. कप्तान म्हणजे उंच, देखणे, थोडे रडवेले गृहस्थ, बायको तोस्कानाची. फादरांना ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांच्याकडे पाप ओरडून सांगावं लागे. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या पलटणीनं शिस्तीनं आकाशाकडे पाहिलं.

"माझ्या मनात राग आहे, फादर!"

"शत्रूचा?"

"नाही! सासूचा!"

"कुणाचा?"

"सासूचा!!" चर्चच्या छपरावरची कबुतरं उडाली.

सासूबाई सोफ्रोनिया पलीकडे राहायच्या, आणि त्यांचं घर बरोबर बांधाला लागून होतं. फादरांनी कागदावर ओढा काढला, बांध काढला, घर काढलं, तोफेपासून एक रेघ ओढली. मग हळहळून मान हलवली. गोळा बांधावर पडला तरी कप्तानांचं मन घरावर पडणार, हे उघड होतं. म्हणजे युद्धात वैयक्तिक द्वेष शिरला. असं युद्ध पाप.

पापनिवेदनात ऐकलेलं बाहेर बोलायचं नसतं, त्यामुळे युद्ध का थांबलं हे अधिकृतपणे कुणालाच माहीत नव्हतं. गावभर लोक एकमेकांना हे माहीत नसल्याचं सविस्तर सांगत होते. दोमितिलानंही ते ऐकलं. त्या आठवड्यात ती शेजाऱ्यांना चेस्टनटचं पीठ पाट्यावर वाटून देत होती आणि तिच्या हातांना फोड आले होते.

शेवटी कप्तान सासूची क्षमा मागायला ओढा ओलांडून गेले. मला साक्षीदार म्हणून नेलं. सोबत मेंढीच्या दुधाचं एक अख्खं चीज.

सोफ्रोनियाबाई दारातच शेंगा सोलत बसल्या होत्या.

"अगबाई, जावईबापू! इतक्या वर्षांनी वाट सापडली?"

"आई, मी क्षमा मागायला आलोय."

"कशाबद्दल?"

"तुमच्याबद्दल मनात राग आहे, म्हणून. तो गेल्याशिवाय मला तुमच्या दारासमोरचा हा बांध उडवता येत नाही."

बाईंनी शेंग सोलता सोलता विचार केला. "म्हणजे माया झाली, की तोफ डागणार."

"शुद्ध हेतूनं डागणार, आई."

"राग तुला कसला रे?" बाई एकदम उसळल्या. "राग मला आहे! ती तोफ ओतली तेव्हा लेकीचं सासर म्हणून माझ्या आईचा तांब्याचा हंडा दिला मी. लग्नात आलेला हंडा! आणि आशीर्वाद-विधीला तिची मानलेली आई, धर्ममाता कोण? तुमच्या मॉन्सिन्योरची बहीण! मला साधं बोलावणं नाही. मी काय मेले होते? तिच्या पोटात माझ्या आईचा हंडा आहे, आणि मी इथे लांबून तिचं तोंड बघतेय!"

कप्तानांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "आई, हे मला कुणी सांगितलंच नाही." मला वाटतं, ते खरं बोलत होते. दोघंही बराच वेळ शेंगा सोलत बसली. मीही काही सोलल्या.

आमच्या धर्माचा मोठेपणा असा, की त्यात प्रत्येक रुसव्यावर एक संस्कार आहे. फादर कालिस्तोंनी ग्रंथ पाहून सांगितलं: ज्याचा बाप्तिस्मा झाला, त्याला दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करणारा पुढचा संस्कार, नाकारता येत नाही, आणि दृढीकरणाला नवी धर्ममाता चालते. हा संस्कार खरं तर बिशपनं करायचा. आमचे बिशप रोममध्ये गुडघ्यांवर उपचार घेत होते. त्यांनी परवानगी पाठवली आणि तोफेच्या प्रकृतीची चौकशी केली.

मंगळवारी चौकात मांडव पडला. मार्गारिताला पांढरी ओढणी घातली होती. सोफ्रोनियाबाई काळ्या रेशमात आल्या आणि एकट्या आल्या नाहीत. पलीकडची अख्खी चौकी, लेफ्टनंटसकट, वऱ्हाडी म्हणून घेऊन आल्या. मॉन्सिन्योरांनी तोफेच्या कपाळावर (ते कुठे येतं, यावर आधी चर्चा झाली होती) तेलाचा क्रूस काढला. मग रिवाजाप्रमाणे तिच्या गालावर हलकीशी चापट मारायची होती. भावनेच्या भरात ती जोरात बसली. त्या हातानं साहेबांना पुढे महिनाभर बदाम फोडता आले नाहीत.

मग पंगत. डुकराचं भाजलेलं मांस, चीज, दारू आणि पाव. पाव पलीकडच्यांनी आणला होता.

कप्तानांनी सासूबाईंच्या पाया पडून घेतलं. हेतू शुद्ध झाला. सगळ्यांनी फादरांकडे पाहिलं. फादर उठले आणि म्हणाले, "आजपासून मार्गारिता ही सोफ्रोनियाबाईंची धर्मकन्या. तेव्हा तिनं आपल्या आईच्या दारावर गोळा टाकणं आता होणे नाही. आईबापाचा मान राखावा, ही आज्ञा आहे."

टाळ्या पडल्या. लेफ्टनंटनं आमच्या तोफेच्या दीर्घायुष्यासाठी पेला उंचावला. माझ्या माहितीत कुठल्याही दोन राष्ट्रांमधला शस्त्रकपातीचा करार इतक्या कमी वेळात आणि इतक्या चांगल्या जेवणावर झालेला नाही.

दोमितिला पंगतीच्या टोकाला बसली होती. तिनं ताट बाजूला सारलं.

"म्हणजे आता बांध कोण फोडणार?"

"काळ, मुली," फादर म्हणाले. त्यांना एवढं मात्र ऐकू आलं.

"काळाला पीठ लागत नाही, फादर. आम्हाला लागतं."

ती उठली. तिच्यामागून शेजारीण उठली, मग तिची जाऊ, मग पाववाल्याची बायको. कुणी कुदळ घेतली, कुणी पहार. लेफ्टनंटच्या लक्षात आलं असावं. तो अर्धवट उठला, तलवारीच्या पट्ट्याशी चाचपडला. सोफ्रोनियाबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि त्याच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा वाढला.

"बसा हो. लेकीच्या कार्यात भरल्या ताटावरून उठतात का?"

"पण बाई, चौकीवर कुणी नाही..."

"चौकी कुठे पळून जातेय? खा."

थोड्या वेळानं पाण्याचा आवाज आला. आधी दुरून, मग जवळून. मग चक्कीचा दगड फिरायला लागला. तो आवाज गावानं कित्येक आठवडे ऐकला नव्हता. कप्तान ओर्तेन्सियोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांना बरं वाटत होतं की लाज वाटत होती, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. माझा घास हातातच राहिला होता. अधिकृतपणे मी काही ऐकलं नाही.

पण राज्य भावनेवर चालत नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत प्रश्न उभा राहिला: ही जी जीत झाली, ती कुणाच्या अधिकारानं? पोपमहाराजांच्या नव्हे. हेतू? भूक, आणि भूक कुठल्याच ग्रंथात शुद्ध हेतूंमध्ये धरलेली नाही. म्हणजे विजय पापाचा. पापानं मिळवलेली वस्तू परत करावी लागते. मॉन्सिन्योरांनी हात फडक्यात गुंडाळून निकाल दिला की पोपमहाराजांच्या पलटणीनं पलीकडे जाऊन शत्रूचा बांध स्वखर्चानं पुन्हा बांधून द्यावा.

"बांधा की," दोमितिला म्हणाली, "पण कोणत्या वारी?"

मी वारांची यादी काढली. परकी जमीन, हातात पहार, अंगावर गणवेष, म्हणजे ही मोहीमच. मंगळवारीच करता येईल, बाजार उठल्यावर. दोमितिलाला प्रायश्चित्त म्हणून काम करणाऱ्या शिपायांना पाव पुरवायची शिक्षा झाली. ती तिनं आनंदानं भोगली. पलटण दर मंगळवारी दुपारी ओढा ओलांडते, सोफ्रोनियाबाईंच्या अंगणात पाव खाते, दोनचार दगड रचते आणि अंधार पडायच्या आत परत येते. आठवड्याच्या बाकीच्या दिवसांत पाणी ते दगड वाहून नेतं. पाण्याला वार कळत नाहीत. आमच्या लष्कराच्या इतिहासातली ही सर्वांत दीर्घ मोहीम आहे, आणि त्यात आजवर एकदाही माघार घेतलेली नाही.

तुम्ही हसताय, हे मला इथून दिसतंय. हसा. तुमच्या देशांत असलं काही चालत नाही, हे मी ऐकून आहे. तिथे म्हणे शिकलेली, डोकं ताळ्यावर असलेली माणसं बंद खोलीत बसतात, त्यांच्या मनात कुणाचा राग आहे हे कुणी विचारत नाही, आणि कोणताही वार चालतो. आमच्या त्या युद्धात एक माणूसही मेला नाही, ही आमच्या लष्कराची कायमची नामुष्की आहे. तुमच्या शहाण्या माणसांवर अशी नामुष्की कधी ओढवली असेल, तर जरूर कळवा. आम्हाला तेवढाच धीर येईल.