गुंड्याची सुलूआक्का

रविवारी सकाळी आमच्या दाराची कडी वाजली की मी काही न विचारता शर्टाच्या बाह्या सरसावायचो. दारात सुलूआक्का उभ्या असायच्या, पदर खोचून. "सुरेश, कपाट पूर्वेला न्यायचं हाय," एवढं म्हणून त्या वळायच्या. मागच्याच रविवारी तेच कपाट मी पश्चिमेला नेऊन ठेवलेलं असायचं.

घरातली एकही वस्तू आक्कांना फार दिवस एका जागी बघवत नसे. पलंग खिडकीखाली असला तर तो दाराजवळ जायचा, टेबल दाराजवळ असलं तर ते माजघरात. एकदा इस्त्रीवाला सवयीनं कपड्यांचा गठ्ठा पलंगावर टाकायला गेला आणि गठ्ठा थेट फरशीवर. पलंग आदल्याच दिवशी तिथून हललेला. "एका जागी बसलं की घराला बुरशी येतीय," असं आक्कांचं म्हणणं. बायको मला म्हणायची, "त्यांच्या घराला बुरशी येत न्हाय, पण तुमची कंबर जाईल एक दिवस."

आक्का आमच्या अनगोळातल्या गल्लीत एकट्या राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. सगळी नोकरी हायस्कुलात भूगोल शिकवण्यात गेली. शाळेत बोलणं एकदम शुद्ध, छापल्यासारखं. घराच्या फाटकातून आत आल्या की मात्र मराठी पुन्हा इकडची व्हायची. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळं पन्नाशीतला माणूसही त्यांच्यासमोर सिगारेट लपवायचा. रस्ता चुकून उशिरा आलेल्याला त्या एकच वाक्य ऐकवायच्या, "नकाशा डोक्यात पायजे." रिक्षावाल्याला, गॅसवाल्याला आणि बाजारात मेथी कुठं मिळते हे विसरणाऱ्या मलासुद्धा.

गुंड्या त्यांच्याकडे आला तो कॅम्पातून. तिथल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोला त्या मराठी शिकवायला जायच्या. त्या लोकांची बदली लांब ईशान्येकडे झाली आणि कुत्रं नेणं जमेना. जॅक रसेल टेरियर नावाची ती बुटकी जात. अंग पांढरंशुभ्र, एक कान आणि शेपटीचं मूळ तपकिरी. नाव काहीतरी इंग्रजी होतं. आक्कांनी पहिल्याच दिवशी ते बदलून गुंड्या ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत त्यानं ते खरं करून दाखवलं. शेवंतीचा वाफा उकरला, शेजारच्या मांजराला पेरूच्या झाडावर बसवलं, आणि दोन घुशी मारून उंबऱ्यात आणून ठेवल्या.

"शिकारीची जात हाय," आक्का अभिमानानं सांगायच्या. "बिळात शिरून बाहेर काढायचं काम ह्यांचं." ज्या बाईनं आयुष्यभर पोरांना हुंदडू दिलं नाही, ती दिवसभर उकरलेली माती पायानं सारखी करत हिंडायची आणि चेहऱ्यावर हसू असायचं. रविवारी आम्ही कपाट ढकलायला लागलो की गुंड्या त्याच्यापुढं उड्या मारत भुंकायचा, जणू कपाट पळून चाललंय.

मग एका सकाळी तो अंगणात आलाच नाही. पलंगाखाली बसून राहिला. डावा डोळा लाल, पाणी गळतंय, आणि बुबुळावर निळसर धुकं चढल्यासारखं. आक्कांना वाटलं, माती गेली असेल. त्यांनी गुलाबपाणी घातलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघितली. दुसऱ्या दिवशी त्यानं भाकरीकडंही बघितलं नाही, तेव्हा मी दोघांना स्कूटरवरून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. आक्का मागे बसलेल्या, गुंड्या त्यांच्या शालीत.

डॉक्टर तरुण, कन्नड घरचे. त्यांनी डोळ्यात बारीक बत्ती धरून बराच वेळ बघितलं.

"आक्का, आतलं भिंग जागेवरनं सुटून पुढं आलंय," ते म्हणाले. "त्यानं पाणी तुंबलं, डोळ्यातलं प्रेशर वाढलं. टेरियर जातीत हे असतंय. घराण्यातनंच येतंय."

"दुखतंय काय त्याला?"

"लई दुखतंय. माणूस असता तर ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं. कुत्रं सांगत न्हाय, गप्प कोपऱ्यात बसतंय."

आक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला, आणि विचारलं, "काल आणला असता तर?"

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "कदाचित. नक्की सांगता येत न्हाय."

त्या डोळ्याची नजर गेलेली होती आणि दुखणं थांबत नव्हतं, म्हणून डोळा काढावा लागला. पापण्या शिवून टाकल्या. आठवड्याभरात गुंड्या पुन्हा वाफे उकरायला लागला, कायमचा डोळा मारल्यासारखा चेहरा करून. पण दुसरा डोळाही याच वाटेनं जाईल असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. त्यात रोज थेंब घालायचे होते. थेंब घालायच्या वेळी आक्का घड्याळ समोर ठेवून बसायच्या आणि त्या वेळी राष्ट्रपती जरी दारात आले असते तरी त्यांना फाटकाबाहेर थांबवलं असतं.

त्या दिवसांत गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांची पंचाईत झाली. आक्का हातात टॉर्च घेऊन फिरायच्या. दिसेल त्या कुत्र्याची हनुवटी धरून डोळे तपासायच्या. भटक्या कुत्र्यांनासुद्धा सुटका नव्हती. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या कुत्रीचे डोळे त्यांनी इतक्यांदा बघितले, की ती आक्का दिसल्या की पोत्यांमागं जाऊन बसायची. "लाल दिसला की थांबायचं न्हाय," त्या किराणावाल्याला बजावायच्या. "माती गेली असंल म्हणायचं न्हाय. त्याच दिवशी डॉक्टर." हे सांगताना त्यांचा आवाज जरा जास्तच चढायचा.

पावसाळा संपता संपता दुसऱ्या डोळ्याचीही नजर गेली. औषधानं दुखणं ताब्यात राहिलं, एवढंच समाधान. गुंड्या चालता चालता टेबलाच्या पायावर आपटायचा, थांबायचा आणि टेबलानं असं का करावं ते कळत नसल्यासारखा उभा राहायचा.

त्यानंतरच्या रविवारी कडी वाजली नाही. मीच उठून गेलो. दार उघडं होतं. आत बघतो तर आक्का डोळ्यांवर टॉवेल बांधून हातापायांवर रांगताहेत. सत्तरीला टेकलेली बाई. समोरच्या कपाटाला त्यांचं कपाळ टेकलं तेव्हा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हितं एक."

"आक्का, काय करायलाय?"

"त्याच्या उंचीवरनं घर बघायलेय. उभं राहून काय कळणार हाय? आलायस तर खडू घे. मी सांगीन तिथं खूण कर."

मी खुणा केल्या. मग जुनी गोधडी फाडून आम्ही त्या त्या कोपऱ्यांना गुंडाळली. पायरीच्या अलीकडं काथ्याचं पायपुसणं आलं, म्हणजे पायाला खरखरीत लागलं की गुंड्यानं समजावं, पुढं उतार आहे. पाण्याचं भांडं होतं तिथंच राहिलं. आणि कपाट, पलंग, टेबल, सगळं होतं त्या जागी थांबलं ते कायमचं. पाहुणा उठताना खुर्ची जरा जरी सरकवून गेला, तरी आक्का ती बोटभर मागं घेऊन परत जागेवर लावायच्या.

मग शिकवणी सुरू झाली. दोरी धरून त्या गुंड्याला घरातून हळूहळू फिरवायच्या. "पायरी" म्हटलं की पाय खाली. "वळ" म्हटलं की वळायचं. चुकला की रागवायच्या नाहीत. शाळेत त्यांचा मार खाल्लेल्या आम्हा लोकांना याचं फार नवल वाटायचं. "परत एकदा," असं हळू आवाजात म्हणून त्या पुन्हा दारापासून सुरुवात करायच्या. "घाई न्हाय रं बाळा. नकाशा डोक्यात बसला की झालं."

गल्लीलाही नियम लागू झाले. स्कूटर लावायच्या त्या रोज एकाच जागी. कुणी वाळूचा ढीग टाकला तर आधी आक्कांना सांगायचं. आम्ही हसायचो, पण पाळायचो.

त्याच सुमारास निपाणीहून अण्णा आले. हे आक्कांचे थोरले भाऊ. तिथं त्यांची तंबाखूची वखार होती. बरोबर शेंगांची पिशवी आणि गुळाची ढेप. मी तिथंच बसलो होतो. अण्णांनी गुंड्याकडं बघितलं आणि म्हणाले,

"सुलू, ह्याला असं कशाला ठेवलायस? डॉक्टरला सांग, एक इंजेक्शन दिलं की सुटला बिचारा."

"कशातनं सुटला?"

"ह्या हालातनं."

"सकाळी भाकरी खाल्ली त्यानं. मग उन्हात लोळला. आता तुझ्या चपलेचा वास घ्यायलाय. हाल कुठं दिसले तुला?"

"पर नजर न्हाय की त्याला. नजर न्हाय तर काय उपयोग?"

आक्का टॉवेलाची घडी घालत होत्या. हात जरासे थांबले. "उपयोगासाठी आणला न्हवता," त्या म्हणाल्या. "चहा गार व्हायलाय. घे."

अण्णा संध्याकाळच्या बसनं निघून गेले.

घर गुंड्याच्या डोक्यात बसलं, अंगण बसलं. एकच गोष्ट बसेना, ती म्हणजे खुद्द आक्का. त्या एका जागी कुठं थांबणार? आणि त्यांच्या पावलांचा आवाज यायचा नाही. वर्गात मांजरासारख्या मागून येऊन उभ्या राहायच्या, कॉपी करणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. तेच आता नडायला लागलं. त्या स्वयंपाकघरातून परसात गेल्या की गुंड्या खोल्याखोल्यांतून हुंगत फिरायचा आणि शेवटी मधल्या दारात बसून असा रडायचा की ऐकवत नसे. आक्कांनी सतत बोलत राहून बघितलं, घसा बसला. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला, तो बसल्यावर वाजेना. रेडिओ लावला, तर गुंड्या रेडिओपाशीच जाऊन बसला.

आणि एका सकाळी आमच्या भिंतीपलीकडून छुमछुम आवाज आला. बायकोनं पोळी लाटता लाटता माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघांनी खिडकीतून डोकावलं. आक्का तुळशीला पाणी घालत होत्या. अंगावर नेहमीचं सुती पातळ, हातात एक घड्याळ, गळा मोकळा, आणि पायांत चांदीचे पैंजण. मागून गुंड्या शेपूट ताठ करून, अगदी बरोबर त्यांच्या पावलावर.

जन्मात टिकली सोडून काही न ल्यालेल्या बाईच्या पायांत पैंजण म्हटल्यावर गल्लीत कुजबुज झाली. किराणावाल्यानं तर विचारलंच, "आक्का, हे काय नवीन?" आक्का म्हणाल्या, "मीठ दे अर्धा किलो." त्यांनी मीठ घेतलं आणि छुमछुम करत निघून आल्या. चार दिवसांत गल्लीला सवय झाली. सकाळी तो आवाज आला की आम्हालाही बरं वाटायचं.

दिवाळीनंतर अण्णा पुन्हा आले. आक्का आतून चहा घेऊन आल्या तसे अण्णा एकदम बोलायचे थांबले. त्यांच्या पायांकडं बघत राहिले. नंतर मी त्यांना स्कूटरवरून बसस्टँडला सोडायला गेलो. अण्णा स्टँडवर बाकावर टेकले आणि म्हणाले,

"ते पैंजण आईनं करवून घेतलेले. सुलूच्या लग्नासाठी. सदलग्याचं स्थळ, सगळं ठरल्यात जमा होतं. सुलूला लहानपणापासनं जाड भिंगाचा चष्मा. बघायला आलते त्या दिवशी मीच तो तिच्याकडनं काढून घेतलता. म्हटलं, चष्म्यात पोरगी चांगली दिसत न्हाय. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं तिच्या हातात पेपर दिला. वाच म्हणाला. ती नुसती धरून उभी राहिली. नजर कमी हाय म्हणून उठून गेले लोक. त्यानंतर तिनं कुणाला बघायला येऊच दिलं न्हाय."

मी स्कूटरची किल्ली खिशात टाकली.

"आणि मी तिच्या तोंडावर म्हणालो बघ, नजर न्हाय तर काय उपयोग." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ती काय बोलली न्हाय. मला तरी कुठं आठवलं तवा?"

निपाणीची बस लागली. कंडक्टर ओरडत होता. अण्णा उठले, दोन पावलं गेले आणि परत आले. "मला घरापर्यंत परत सोड रं," म्हणाले.

आम्ही परतलो तेव्हा आक्का दारातच होत्या. "काय विसरलास?" त्यांनी विचारलं.

"व्हय, विसरलोतो," अण्णा म्हणाले. धोतर सावरत ते खाली फरशीवर बसले आणि गुंड्याच्या नाकापुढं हात धरला. गुंड्यानं तो पुरता हुंगला, मग त्यावर हनुवटी टेकली. आक्का क्षणभर बघत राहिल्या आणि "भात टाकते," म्हणून आत गेल्या. अण्णा त्या खेपेला बरेच दिवस राहिले.

गुंड्या त्यानंतर पुष्कळ जगला. म्हातारा झाला, उन्हात पडून राहायला लागला, तरी पैंजण वाजले की कान उभे करायचा. गेल्या थंडीत एका दुपारी तो झोपेतच गेला. पेरूच्या झाडाखाली त्याला आम्ही ठेवलं. आक्का रडल्या नाहीत, निदान आमच्यासमोर तरी. माती सारखी केली, हात धुतले आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडं पुन्हा छुमछुम ऐकू आली. स्वयंपाकघरातून परसात, परसातून ओसरीत. बायकोनं कपात चहा ओतला आणि मला दिला, "देऊन या," म्हणाली.

आक्का ओसरीत बसल्या होत्या. माझी नजर पायांकडं गेली ती त्यांच्या लक्षात आली.

"सकाळी काढलते," त्या म्हणाल्या. "पण मी हितं हाय का न्हाय, माझं मलाच कळंना."

मी चहा पुढं केला. त्यांनी कप घेतला आणि मला बसायला शेजारी जागा करून दिली.