खापरघाटावर समुद्र शांत आहे

तापी नदी पुढे जाऊन समुद्राला मिळते, ही बाब तहसील कार्यालयाच्या निदर्शनास नोव्हेंबर महिन्यात आली. तोवर ती फक्त भूगोलाच्या पुस्तकात होती. तालुक्याचं नाव इथे देत नाही, कारण त्या तालुक्याला पुढे पुरस्कार मिळाला आहे.

झालं असं, की वरून एक परिपत्रक आलं. प्रवासी वाहतूक करणाऱ्या प्रत्येक नावेने निघण्यापूर्वी सागरी हवामानाचा अंदाज पाहावा, लाल इशारा असल्यास नाव काठाला बांधावी आणि रोज नोंद ठेवावी. परिपत्रक चांगलं होतं. किनाऱ्यावर ते पाळलं असतं तर माणसं वाचली असती. पण ते किनाऱ्यापासून अडीचशे किलोमीटर आत येऊन पोचलं आणि आलेल्या परिपत्रकाला परत पाठवण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

अंमलबजावणीचं काम प्रज्ञा बिऱ्हाडेकडे आलं. प्रज्ञा महसूल सहायक होती, परिविक्षेवर होती, म्हणजे कायम व्हायला तिला अजून सात महिने होते. तालुक्यात नाव एकच. खापरघाटाहून पलीकडच्या टाकवाड्याला जाणारी, धनसिंगभाऊंची. प्रज्ञाने संगणकावर माहिती भरायला घेतली. 'नजीकचा किनारा' हा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता आणि यादीत तापीचा काठ नव्हता.

ती नायब तहसीलदार प्रेमराज देवरे यांच्याकडे गेली. "सर, आपल्याकडे समुद्र नाही."

देवरे साहेबांनी चष्मा काढला. "नाही, असं लेखी कळवायचं का? मग ते विचारतील, इतकी वर्षं का कळवलं नाही. उत्तर कोकण टाका."

प्रज्ञाने उत्तर कोकण टाकलं. त्या दिवसापासून खापरघाटाला समुद्र लागू झाला.

दुसऱ्याच आठवड्यात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. संगणकावर लाल पट्टी आली. प्रज्ञा लाल झेंडा घेऊन घाटावर गेली, तेव्हा तापी इतकी निवांत होती की पाण्यात पलीकडची चिंच दिसत होती. काठावर भिकुबाई भरताच्या वांग्यांची पाटी घेऊन उभ्या होत्या. टाकवाड्याचा बाजार त्या दिवशी होता.

"अक्का, आज नाव बंद आहे. समुद्र खवळलाय."

"कोन खवळना?"

"समुद्र. लाटा तीन मीटर आहेत."

"कोठे शे तो?"

"लांब आहे. अडीचशे किलोमीटर."

"मग तठे नका जाऊ," भिकुबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "माले समोरच्या काठवर जानं शे."

प्रज्ञाला हसू आलं, पण ती ड्युटीवर होती. भिकुबाईंनी पाटी डोक्यावर घेतली आणि पुलाकडून जाणाऱ्या रस्त्याला लागल्या. पुलावरून टाकवाडं अडतीस किलोमीटर पडतं. वांगी बाजार उठल्यावर पोचली.

हिवाळाभर समुद्र या ना त्या कारणाने खवळतच राहिला. कधी उत्तरेचे वारे, कधी उंच लाटा. टाकवाड्याच्या मुली कॉलेजला उशिरा पोचू लागल्या आणि त्यांच्या अर्जावर प्राचार्यांना 'समुद्र खवळल्यामुळे' हे कारण मान्य करावं लागलं, कारण सोबत तहसीलचा शिक्का होता. धनसिंगभाऊ रोज वही भरत. 'भरतीची वेळ' या रकान्यात त्यांनी पहिले काही दिवस 'धरणवाल्यासले विचारा' असं लिहिलं. त्यावर ज्ञापन आल्यापासून ते तिथे सकाळचे दहा लिहू लागले. बारा लाईफ जॅकेटं आली होती, ती जडसंग्रह नोंदवहीत चढवून कपाटात ठेवली. पाण्याने खराब झाली असती.

"ताई," धनसिंगभाऊ एकदा प्रज्ञाला म्हणाले, "चाळीस वरीस व्हयनात माले या पानीवर. आठलं वारं कोन सांगस?"

"इथलं वारं कोणी सांगत नाही, भाऊ. तशी सोय नाही."

एप्रिलमध्ये देवरे साहेबांनी 'सागरी सुरक्षितता' पुरस्कारासाठी तालुक्याचा प्रस्ताव पाठवला. वर्षभरात समुद्रातले अपघात शून्य. बुडालेल्या व्यक्ती शून्य. मागील शंभर वर्षांचे आकडे मागवले, तेही शून्य. कोकणातल्या एकाही तालुक्याला हे जमलं नव्हतं. मेच्या शेवटी तिघांचं पाहणी पथक आलं.

पथकाला नावेत बसवून पलीकडे न्यायचं आणि टाकवाड्याला भरीत-पुरीचं जेवण द्यायचं, असा बेत होता. कपाटातली जॅकेटं बाहेर निघाली. दुपारचे साडेतीन झाले होते. झाडाचं पान हलत नव्हतं. घाम सुटत होता, आणि घाटावर इतकी शांतता होती की देवरे साहेबांच्या मोबाईलवर इशारा आला तो सगळ्यांना ऐकू गेला.

"हिरवा!" साहेब म्हणाले. "समुद्र शांत. चला."

धनसिंगभाऊ जागचे हलले नाहीत. ते मावळतीकडे बघत होते. तिकडे क्षितिजालगत एक तांबूस रेघ उठली होती.

"साहेब, आज नाव नको. तठे धूळ उठेल शे. अर्धा घंटामा वारं येई."

"भाऊ, हिरवा आहे हिरवा!"

"तठलं हिरवं शे, साहेब. आठलं नही."

पथकप्रमुखांनी घड्याळ पाहिलं. देवरे साहेब धनसिंगभाऊंच्या जवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "लाल असताना थांबवलं तर थांबलात ना? मग हिरवा असताना नाही म्हणणं हीसुद्धा अवज्ञाच. परवाना नूतनीकरणाला जून आहे."

प्रज्ञा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला धनसिंगभाऊंचा शब्दन् शब्द ऐकू आला होता. तिने तांबूस रेघेकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि जॅकेटचा पट्टा घट्ट केला. पथकाचे तिघे, साहेब, प्रज्ञा आणि कार्यालयातले चौघे असे नऊ प्रवासी बसले. धनसिंगभाऊंना जॅकेट उरलं नव्हतं. बारांपैकी तीन जॅकेटांची उंदरांनी आधीच पाहणी केली होती.

वारं अर्ध्या तासानं आलं नाही. वीस मिनिटांत आलं. नाव मध्यावर असताना पश्चिम दिशाच काळी पडली, धुळीची भिंत पाण्यावरून चालत आली आणि काठावरच्या केळीच्या बागा एकामागून एक आडव्या झाल्या. पाणी नावेत येऊ लागलं. पथकप्रमुख नियमावली डोक्यावर धरून देवाचं नाव घेत होते. देवरे साहेब उभे राहिले, म्हणून नाव कलली आणि ते पाण्यात गेले.

"बसा बठ्ठा! खाले बसा!" धनसिंगभाऊ ओरडले. त्यांनी वाऱ्याशी भांडण केलं नाही. एका हाताने साहेबांच्या जॅकेटची कॉलर धरली, दुसऱ्याने सुकाणू, आणि नाव वाऱ्याच्या कलाने वरच्या अंगाच्या वाळूच्या बेटाकडे सोडून दिली. प्रज्ञाने डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ती कमरेइतक्या पाण्यात उभी होती आणि नऊच्या नऊ माणसं मोजता येत होती. नाव मात्र धनसिंगभाऊंना घेऊन पुढे गेली आणि पंपघराच्या दगडी भिंतीवर आदळली. तिच्या फळ्या आणि धनसिंगभाऊंचा डावा हात एकाच वेळी मोडला.

चौकशी लागली. अपघात सागरी आहे का, हा पहिला प्रश्न. समुद्र त्या वेळी शांत होता, तसा अधिकृत पुरावा उपलब्ध होता. सबब सागरी अपघात शून्यच राहिले आणि पुरस्कार कायम झाला. दुसरा प्रश्न, जबाबदारी कोणाची. धोक्याची पूर्वसूचना देणं नावाड्यावर बंधनकारक आहे. त्याने दिली होती का? नऊ जणांना छापील जबाब वाटले. आठ जबाब संध्याकाळपर्यंत आले. आठही जणांनी एकच लिहिलं होतं: 'वाऱ्यामुळे ऐकू आले नाही.'

नवव्या दिवशी धनसिंगभाऊ मोडका हात गळ्यातल्या झोळीत अडकवून प्रज्ञाच्या टेबलापुढे येऊन उभे राहिले.

"ताई, मी सांगं व्हतं ना?"

"सांगितलं होतं, भाऊ."

"तुम्हीन ऐकं व्हतं ना?"

"ऐकलं होतं."

"मग तेवढंच लिखा. दुसरं काई नको."

प्रज्ञाने आत पाहिलं. काचेपलीकडे देवरे साहेबांच्या टेबलावर तिच्या कायम होण्याची फाईल होती. साहेब त्या फाईलवर पेपरवेट फिरवत होते. धनसिंगभाऊ पुलाकडच्या एसटीची वेळ झाली म्हणून निघाले. ते गेल्यावर प्रज्ञाने पेन उघडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'वाऱ्यामुळे ऐकू आले नाही.'

जूनमध्ये परवाना रद्द झाला. त्याच आठवड्यात प्रज्ञा कायम झाली. तिने पेढे वाटले, त्यातला एकही तिला गोड लागला नाही.

प्रज्ञाच्या जबाबाबद्दल कोणाची हरकत असल्यास विहित नमुना कार्यालयात विनामूल्य मिळतो. अर्जदाराने सोबत एकच कागद जोडायचा आहे: साहेबासमोर आपण स्वतः खरं कधी लिहून दिलं, त्याची सत्यप्रत. शंभर नमुने छापले होते. लोक संतापाने सगळे घेऊन गेले. भरून एकही परत आलेला नाही. तुमच्याकडचाही यायचा आहे.