कडवळ वाचवणारी बंदूक

ज्या बंदुकीची नीट निगा राखली जाते, ती ऐनवेळी दगा देत नाही. हे सत्य आष्टी तालुक्यातल्या बिभीषणला लहानपणापासून ठाऊक होतं. अडचण एवढीच, की निगा राखण्यातच ऐनवेळ निघून जायची.

बंदूक आजोबांची, निजामाच्या काळातली. तिची पितळी काडतुसं फेकायची नसतात. बार काढला की रिकामी पुंगळी घरी आणायची आणि तिच्यात पुन्हा काळी दारू भरायची. ही विद्या अख्ख्या पंचक्रोशीत एकट्या बिभीषणला येत होती (म्हणजे दुसऱ्या कोणाला नको होती). त्यामुळं त्या दुष्काळात रानडुकरांनी उरल्यासुरल्या हिरव्यावर धाड घातली, तेव्हा गावचे पुढारी आबासाहेब यांनी पीक संरक्षण सहकारी संस्था काढली, स्वतः चेअरमन झाले आणि बिभीषणला काडतूस भरणी विभागाचा प्रमुख नेमलं. विभागात तो एकटाच होता, म्हणून शिस्त उत्तम होती.

संस्थेकडं चेअरमन, व्हाईस चेअरमन, अकरा संचालक, गोल शिक्का आणि ही बंदूक होती. संरक्षण करायला पीक मात्र एकच उरलं होतं, ते म्हणजे खुद्द बिभीषणच्या घरामागचं गुंठाभर कडवळ, चाऱ्यासाठी दाट पेरलेली ज्वारी. त्याच्या बायकोनं, मनकर्णानं, ते घरच्या वाट्यातलं पाणी काढून काढून जगवलं होतं. दावणीला तिच्या माहेरची गाय होती, गाभण. कडवळ टिकलं तर गाय घरीच विणार, नाहीतर तिला चारा छावणीवर न्यावं लागणार आणि मनकर्णालाही तिथंच पालात राहावं लागणार.

बिभीषण जीव ओतून कामाला लागला. चष्मा लावून पाटावर बसायचा. दारूचं माप म्हणजे आजोबांच्या अत्तरदाणीचं झाकण. तेवढी दारू भरायची, वर जाड कागदाची चकती, हलक्या हातानं ठासायचं, तोंड मेणानं बंद करायचं. (परवानगी फक्त हवेत बार काढण्यापुरती होती, गोळी घालायची नव्हती. ते बरंच झालं, कारण नेम हा विषय संस्थेच्या उद्दिष्टांत बसत नव्हता.) दारू कोरडी ठेवावी असा सक्त नियम आहे. तो पाळायला आष्टी तालुक्याइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

दिवेलागणीला डुकरं आली की चेअरमन मंजुरीची सही करायचे आणि बिभीषण बार काढायचा. असा धूर व्हायचा की डुकरं पळाली की तिथंच उभी राहून खोकतायत, हे कळायला मार्ग नसायचा. अहवालात 'पळाली' असं लिहायची पद्धत होती.

आता काळ्या दारूचा स्वभाव असा, की ती जळाली की नळीत चिकट काजळी सोडते. ती लगेच गरम पाण्यानं धुतली नाही तर नळी गंजते. पुंगळीचंही तेच. बिभीषणच्या शास्त्रानुसार एका बारामागं नळीला एक हंडा आणि पुंगळीला एक कळशी पाणी लागायचं. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. पिण्याचं पाणी तोडता येत नाही, स्वयंपाकाचं येत नाही. राहिलं कडवळाचं. कडवळ वाचवायचं तर बंदूक चालली पाहिजे, बंदूक चालायची तर धुतली पाहिजे, हे त्याला इतकं लख्ख दिसत होतं की बायकोला ते दिसत नाही म्हणून त्याला तिची कीव यायची.

धुवणाचं काळं पाणी कडवळाला घालून बघण्याचा प्रयोगही झाला. त्यात सोरा असतो, सोरा म्हणजे खतच, असं त्यानं संचालक मंडळाला पटवून दिलं आणि मंडळानं त्याचं अभिनंदन केलं. पण काजळी सुटावी म्हणून तो पाण्यात धुण्याचा सोडाही टाकत असे. अख्खी सरी करपली. अहवालात ती 'डुकरांनी केलेलं नुकसान' या सदरात गेली.

मनकर्णा एकदाच बोलली.

"बंदुकीला आंगूळ घालताव तुमी. माझ्या गाईच्या तोंडचं पाणी हाय ते."

बंदूक गंजली तर तुझं कडवळ राखणार कोण, असं त्यानं विचारलं. ती रिकामी कळशी उचलून आत गेली, आणि आपण जिंकलो असं त्याला वाटलं.

चैत्र सरता सरता कडवळ वाळून गेलं. डुकरं आली, वाळल्या ताटांचा वास घेतला, आणि गेली ती पुन्हा फिरकली नाहीत. संस्थेनं तातडीची सभा बोलावली. उपद्रव शंभर टक्के बंद झाल्याचा ठराव आबासाहेबांनी स्वतः मांडला.

त्याच दिवशी सकाळी मनकर्णा गाठोडं डोक्यावर घेऊन, गाईचं दावं धरून छावणीकडं गेली होती. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं बिभीषणला सभेत बसल्या बसल्या वाटत होतं. त्याला लाज वाटत होती, आणि तिची लई आठवणही येत होती. उठून सांगावं, की डुकरांनी न्हाई, कडवळ मी खाल्लं.

"बिभीषणराव, हे तुमच्या विभागाचं यश हाय," आबासाहेब म्हणाले.

टाळ्या झाल्या. बिभीषणनं हात वर केला आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

आता तुम्ही म्हणाल, काय माणूस आहे, एक हात खाली ठेवता आला नाही? रास्त आहे. फक्त तुमच्या सोसायटीच्या परवाच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून व्हायच्या आधीच 'मंजूर, मंजूर' म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज तुमचा होता. चहा निवत होता, हे आम्हाला मान्य आहे. घरी गेल्यावर कोण कोण घरात आहे, तेवढं बघून घ्या.