चार पावलं अलीकडे

बुकित तिमा ही सिंगापूरची सर्वांत उंच टेकडी. पुण्याच्या माणसाने तिला डोंगर म्हणावं अशी काही ती नाही. पण आमचे शेजारी पाध्येकाका दर रविवारी काठी, टोपी, बाटल्या असा सगळा जामानिमा करून ती चढतात आणि माथ्यावरचा दगड चार पावलांवर आला की नमस्कार करून परत फिरतात. आम्ही दगडाला टेकून फोटो काढत असतो. काका खालून म्हणतात, "शिखर सोडायचं असतं."

हा नियम कांचनजंगाचा. सिक्कीमची माणसं त्या पर्वताला दैवत मानतात, म्हणून पहिल्यांदा चढलेले गिर्यारोहक माथ्याच्या जरा अलीकडे थांबले आणि पुढचे बरेचसे तसंच करत आले. काकांनी तो नियम थेट आमच्या चोआ चू कांग वस्तीला लागू केला. कॉफीशॉपमध्ये कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, शेवटचा घोट ते कपात ठेवतात. माझी मुलगी म्हणते, "अंकल, फिनिश इट लाह." काका ऐकत नाहीत. फ्लॅट घेतानासुद्धा सर्वांत वरचा मजला नको म्हणाले होते म्हणे.

काका जहाजावर चीफ इंजिनियर होते. सगळी नोकरी इंजिनरूममध्ये, पाण्याच्या पातळीखाली गेली, आणि गप्पा मात्र कांचनजंगाच्या. गणपतीत प्रसादाच्या रांगेत मला गाठून त्यांनी नेपाळ-सिक्कीमची हद्द, पाच शिखरं, त्यांत देवाने ठेवलेले पाच खजिने, सगळं ऐकवलं. "एके काळी जगात पहिला मानायचे त्याला. मग मोजणीवाले आले आणि तिसरा करून ठेवला." हे सांगताना त्यांचा चेहरा असा, जणू त्यांचंच प्रमोशन हुकलंय. रांग पुढे गेली आणि माझा मोदक राहिला.

त्यांच्या हॉलमध्ये एकच फोटो आहे. लग्नानंतर दार्जिलिंगला गेले तेव्हाचा. शाल पांघरलेल्या मालतीकाकू, आणि मागे नुसतं पांढरं. काकू आम्ही इथे यायच्या आधीच गेल्या.

"मागे कांचनजंगा आहे," काका सांगतात.

"कुठे?"

"धुक्यात."

यावर आम्ही हसतो, काकाही हसतात.

यंदाच्या दिवाळीत आम्हीच दार्जिलिंगला गेलो. दोन दिवस ढग होते. तिसऱ्या सकाळी हॉटेलच्या गच्चीवर गेले तर समोर अख्खा कांचनजंगा, सोनेरी. मी धावत काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पर्वताकडे धरला. त्यांना केवढा आनंद होईल, या कल्पनेनेच मी खूश होते.

पलीकडे काकांनी मान खाली घातली होती.

"काका, बघा ना. किती स्वच्छ दिसतोय."

"तू बघ. पोटभर बघ." मग म्हणाले, "मालूला तेव्हा दिसलाच नाही गं. पुढच्या रजेत नक्की, असं म्हणालो होतो मी. दर रजेत काहीतरी निघायचं. आता मी एकट्याने कसा बघू?"

मला फार वाईट वाटलं. मी फोन माझ्याकडे फिरवला. माझ्या मागे गच्चीची पांढरी भिंत होती.

आता काकांनी मान वर केली. किती तरी वेळ ते माझ्या मागच्या त्या पांढऱ्याकडे बघत राहिले.

"थंडी असेल तिथे," ते म्हणाले. "शाल घे."