कुत्र्याची पाठ

आमच्या भालकीत मल्लाप्पा पेंटरकडून लेकराचं चित्र काढून घ्यायचं, तर घरात जनावर लागतंच. मांजर, कोकरू, कोंबडी, काहीही चालतं. एका सोनाराकडे जनावरच नव्हतं. मल्लाप्पा दारातूनच म्हणाला, "मग लेकरू कुणाकडं बघून हसंल? तुमच्याकडं?" आणि ब्रश काखेत मारून चालता झाला.

फोटोवरून तो काढत नाही. लेकरू आणि जनावर समोर बसलं पाहिजे. डिजिटल बोर्ड आल्यापासून दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम गेलं, पण त्याचा ताठा गेला नाही.

माझ्या बैठकीतलं त्याचं चित्र बघून आजही पाहुणे विचारतात, "पोरीजवळ ही पांढरी उशी कसली?" ती उशी नाही. ते हैदराबादहून आणलेलं कुत्रं आहे! हातगाडीवर कांदे विकत विकत मी मोटारपंपाचं दुकान टाकलं, घर बांधलं, मग ते केसाळ कुत्रं आणलं. लोकांना दिसावं म्हणूनच मुलीसोबत त्याचं चित्र सांगितलं. मल्लाप्पानं आठवडाभर आमचा चहा पिऊन ते काढलं. मुलगी झकास. कुत्र्याची मात्र नुसती पाठ आणि एक कान.

"तोंड कुठाय ह्याचं?" मी ओरडलो.

"हाय की, पलीकडं."

"पलीकडचं कोण बघणार?"

"तुमची लेक. कुत्रं तिचं हाय का तुमचं, अण्णा?"

दुसऱ्या दिवशी चित्र घेऊन मी त्याच्या घरी धडकलो. तोंड फिरवून घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवूनच. घरात तो एकटाच होता. भिंतीवर एकच चित्र: एक शेळी मान वर करून बाजेकडं बघतेय आणि बाजेवर लेकराएवढी जागा कोरी. माझं चित्र दाराशी टेकवून मी जवळ गेलो.

"हे कामून अर्धं ठेवलास?"

"शेळी काढून झाली, अन् पोराचा मामा आला. माझ्या सिद्रामला पुण्याला घेऊन गेला, शिकायला. आता तिथंच कंपनीत हाय. दर उन्हाळ्याला येतो म्हणतंय."

"मग फोटो मागव, भरून टाक."

"फोटोत त्यो शेळीकडं बघत न्हाई."

"अरे, आता मिशा आल्या असतील त्याला! एवढ्याशा जागेत मावंल का?"

मल्लाप्पा चित्राजवळ गेला. कोऱ्या जागेवरची धूळ त्यानं धोतराच्या सोग्यानं हळूच पुसली.

"मावतंय, अण्णा. पाय पोटाशी घेऊन बस म्हणतो."