सहावा रकाना

बिराजदार सरांना "जेवण झालं का?" असं विचारलं, तर ते हो किंवा नाही म्हणत नाहीत. क्षणभर छताकडे बघतात आणि म्हणतात, "सहमत." ऊन फार आहे ना सर? "पूर्णपणे सहमत." एकदा विभागातल्या एका मुलीच्या लग्नात वाढपी जिलेबी घेऊन समोर आला, तर सरांनी अगदी नम्रपणे सांगितलं, "तटस्थ." वाढप्याने दोन वाढल्या.

हा सगळा प्रश्नावलीचा परिणाम. ग्राहक चादर कशी निवडतो, या विषयावर सर पीएच.डी. करत होते. कधीपासून, ते कॉलेजच्या शिपायालाही सांगता यायचं नाही. प्रश्नावलीत प्रत्येक विधानापुढे पाच रकाने असायचे, 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत. सर त्या पाच खोल्यांतच राहायला गेले होते म्हणा ना.

मी मोडनिंबची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सोलापुरात एमबीए करून तिथंच संशोधनाला नाव घातलं, तेव्हा विभागातलं इंग्रजी ऐकूनच मला घाम फुटायचा. सर पहिल्या दिवशी म्हणाले, "या मॅडम." मी मागे वळून पाहिलं, कुठल्या मॅडम आल्या म्हणून. पुढे त्यांनी मला सर्वेक्षणाला सोबत नेलं. प्रश्न विचारताना उत्तर आपल्याच तोंडून निसटू द्यायचं नाही, हे त्यांनी शिकवलं. आज मला जे थोडंफार येतं, ते त्यांचं आहे.

सर्वेक्षण चालायचं चादरींच्या एका जुन्या दुकानात, भर दुपारी. रस्ता रिकामा असायचा. मागच्या बोळातून मागाची खटखट यायची, एका लयीत. गादीवर पसरलेल्या चादरींवरून उन्हाचा पट्टा मोरावरून फुलावर, फुलावरून काठावर सरकत जायचा. मालक बसल्या बसल्या पेंगायचे. आपण जागे आहोत की झोपेत, असा मलाही प्रश्न पडायचा. सर मात्र कोपऱ्यातल्या स्टुलावरून गिऱ्हाइकांचे हात बघत असायचे.

"तोंडाकडे बघू नका मॅडम," ते हळूच सांगायचे. "तोंड काय, समोरच्याला बरं वाटेल ते बोलतंय. हाताला तेवढी अक्कल नाही की."

एक दिवस उजनीकाठच्या एका गावातून एक आजी आल्या. नातीच्या लग्नासाठी चादर हवी होती. त्यांनी चादर उलटी करून पाहिली, काठाचा धागा नखाने ओढला, मग ती गालाला लावली. 'ही चादर मी विकत घेईन' या विधानाशी सहमत का, असं मी विचारलं. आजी म्हणाल्या, "बघू की," आणि निघून गेल्या. मी 'असहमत'वर खूण केली.

सर एवढे रागावलेले मी कधी पाहिले नव्हते. उठेपर्यंत आजींचा हात चादरीवरच होता, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या संध्याकाळी सरांनी पट्टी घेऊन प्रत्येक प्रश्नावलीवर स्वतः सहावा रकाना आखला. वर लिहिलं: बघू की.

मग आम्ही वाट बघायला लागलो. 'बघू की' म्हणून गेलेल्यांची सरांनी वेगळी वही केली. पुष्कळ जण फिरकलेच नाहीत. आजी मात्र तिसऱ्या आठवड्यात तीच चादर घ्यायला परत आल्या, तेव्हा सर स्टुलावरून उठून हात जोडून उभे राहिले. आजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यो निवडणुकीला उभा हाय व्हय गं?"

आमच्या गाईड मॅडमना सहावा रकाना पटला नाही. जगभर पाचच असतात, 'बघू की' म्हणजे गोड शब्दांत नकार, तेव्हा ते सगळे 'असहमत'मध्ये मिळवा, असं त्यांनी बजावलं. महिनाअखेर प्रबंध आला नाही तर सरांची नोंदणी रद्द होणार होती. मुदत वाढवून वाढवून संपली होती.

संगणकावर ते काम मी करायचं ठरलं. सर शेजारी बसले. एक बटण दाबलं की झालं, तुमची इतकी वर्षं वाचतील, असं मी त्यांना समजावलं. ते पडद्याकडे बघत वेगळंच सांगू लागले.

एम.कॉम.ला त्यांच्या वर्गात अक्कलकोटची एक मुलगी होती. शेवटचा पेपर झाल्यावर एसटी स्टँडवर सरांनी तिला लग्नाचं विचारलं. तिच्या घरी कानडी बोलायचे. गाडीत चढता चढता ती म्हणाली, "नोडोण री." म्हणजे, बघू की. पुढे तिच्या वडिलांनी बिऱ्हाड कर्नाटकात हलवलं. पत्ता मिळाला नाही की सरांनी शोधला नाही, ते मला नीट कळलं नाही. मी विचारलंही नाही.

"खिडकीच्या गजावर हात होता तिचा," सर म्हणाले. "गाडी वळेपर्यंत काढला नाही."

मग पडद्याकडे बोट करून म्हणाले, "हे सगळे 'असहमत'मध्ये टाकले मॅडम, तर मलाही तिथंच टाकावं लागतंय की."

मी बटण दाबलं नाही. दोन दिवस पुस्तकं चाळली आणि तक्त्याच्या खाली, पाच रकान्यांच्या बाहेर, एक स्वतंत्र ओळ केली: निर्णय प्रलंबित. गाईड मॅडमनी ती दोनदा वाचली. हे नाव तुझं की त्यांचं, एवढंच विचारलं आणि सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक नेमके त्याच ओळीवर थांबले. प्रलंबित ठीक आहे, म्हणाले, पण संशोधकाने वाट बघायची ती कधीपर्यंत? कुठंतरी नकार धरावाच लागेल ना?

सरांनी छताकडे पाहिलं नाही.

"दुकान उघडं आहे तोपर्यंत, सर," ते म्हणाले.

सभागृहात एकच हशा पिकला. परीक्षकही मनापासून हसले. हसणं ओसरेपर्यंत बिराजदार सर पुढच्या प्रश्नासाठी तसेच शांत उभे राहिले. थांबायची त्यांना सवय होती.